चिंधी आणि शेला : यंत्रलिखित विद्यार्थी-निबंधाचा एक विचार

१

अंतर्गत मूल्यमापनासाठी विद्यार्थ्यांकडून येणाऱ्या निबंधांचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे, ही गोष्ट आता कोणाही अध्यापकास वेगळी सांगावी लागत नाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकन संस्थेने 'चॅटजीपीटी' हे संवाद करणारे यंत्र सर्वांस खुले केले. त्यानंतर अकराच दिवसांनी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि शिर्डी-राहाता परिसरातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहता दोहोंचे फळ काहीसे एकाच जातीचे दिसते : दूरचा मुक्काम जवळ आला, आणि वाटेवरची गावे दिसेनाशी झाली.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने लिहिलेल्या निबंधाचा विचार बहुधा शिस्तीचा प्रश्न म्हणून केला जातो. कोणी लिहिले, कसे पकडावे, शिक्षा कोणती, एवढ्यावर चर्चा थांबते. परंतु हा मुळात वाङ्मयविचाराचा प्रश्न आहे. एखादे लेखन 'माझे' आहे, असे म्हणणाराने नेमके काय केलेले असते? दुसऱ्याकडून घेणे केव्हा विद्या ठरते आणि केव्हा चोरी? या प्रश्नांचा विचार करण्यास शिर्डीइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल; कारण शिर्डीच्या परंपरेने जो एक मोठा मराठी ओवीबद्ध ग्रंथ निर्माण केला, त्या गोविंद रघुनाथ दाभोळकरकृत 'श्रीसाईसच्चरिता'त कर्तृत्वाचा आणि उसनवारीचा प्रश्न वारंवार उपस्थित झालेला आहे. येथे त्या ग्रंथाचा विचार श्रद्धेच्या अंगाने अभिप्रेत नाही. लेखन, अध्ययन आणि उसनवारी यांविषयी त्या ग्रंथातील काही प्रसंग काय सुचवितात, एवढेच पाहावयाचे आहे.

२

प्रथम 'निबंध' या शब्दाचाच विचार केला पाहिजे. आज शाळेपासून विद्यापीठापर्यंत हा शब्द स्वतःच्या विचारांची सुसंगत मांडणी या अर्थी रूढ आहे. हा अर्थ मराठीत प्रामुख्याने विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ने दृढ केला. जानेवारी १८७४ पासून १८८१ पर्यंत निघालेल्या तिच्या ८४ अंकांतून, जवळजवळ एकहाती, एका व्यक्तीचे मत, तिचा आवेश आणि तिचे पूर्वग्रहसुद्धा वाचकांपुढे आले. चिपळूणकरांशी असहमत होता येते. पण ते मत कोणाचे, असा प्रश्न कोणास पडत नाही.

परंतु संस्कृत धर्मशास्त्रात 'निबंध' हा शब्द याच्या जवळजवळ उलट अर्थाने येतो. तेथे निबंध म्हणजे स्मृती, पुराणे इत्यादींतील वचनांचा विषयवार केलेला संग्रह. महाराष्ट्रातील त्याचे थोर उदाहरण म्हणजे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने सिद्ध केलेला 'चतुर्वर्गचिंतामणि'. या ग्रंथात व्रत, दान आदी विषयांवरील वचनांची अफाट रास आहे, आणि तिच्यातील बहुतेक सर्व सामग्री दुसऱ्यांची आहे. तरीही हेमाद्रीस कोणी वाङ्मयचोर म्हटलेले नाही. कारण उघड आहे. वचन मनूचे असेल तर तेथे मनूचे नाव येते, पुराणातील असेल तर त्या पुराणाचे. निबंधकाराचे कर्तृत्व वचने निर्माण करण्यात नसून ती शोधण्यात, निवडण्यात, त्यांतील विरोध मिटविण्यात आणि प्रत्येक वचनाच्या मूळ धन्यास त्याचे श्रेय देण्यात असते.

म्हणजे निबंधाचे दोन प्रामाणिक प्रकार मराठी अभ्यासकाच्या परिचयाचे आहेत. एकात विचार आपला असतो व जबाबदारीही आपली असते. दुसऱ्यात विचार इतरांचा असतो, परंतु त्या इतरांची नावे तेथे नोंदलेली असतात. यंत्रलिखित निबंध या दोहोंत बसत नाही. त्यातील सामग्री चिपळूणकरी अर्थाने लिहिणाराची नसते, आणि हेमाद्रीच्या अर्थाने ती कोणाकोणाची आहे हे सांगताही येत नाही. असंख्य लेखकांच्या वाक्यांवर पोसलेले हे यंत्र कोणाचाच ऋणनिर्देश करीत नाही. आणि केलाच, तर अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाचे व लेखकाचे नाव तितक्याच गंभीरपणे पुढे करण्याचा दोष त्याच्या ठिकाणी वारंवार आढळून आला आहे.

असा योग की 'सच्चरित'कार दाभोळकर मराठी वाचकांस 'हेमाडपंत' याच नावाने परिचित आहेत. शिर्डीच्या साठेवाड्यात गुरूची आवश्यकता आहे की नाही, यावर त्यांनी बाळासाहेब भाटे यांच्याशी हट्टाने वाद घातला. नंतर साईबाबांनी त्यांचा उल्लेख हेमाडपंत असा केला, असे ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. दाभोळकरांनी हे नाव आपल्या वादप्रियतेवरील टोमणा म्हणून घेतले, आणि त्याबरोबरच यादवांच्या त्या मंत्र्याचे व त्याच्या ग्रंथाचे स्मरणही केले. संग्राहकाचे नाव संग्राहकास मिळाले.

३

यंत्रलिखित निबंधाचे परीक्षण इतर कोणत्याही गद्याप्रमाणे केले पाहिजे. त्यासाठी त्याची घडण थोडक्यात समजून घेणे इष्ट आहे. ही यंत्रे ज्या भाषिक प्रतिमानांवर चालतात, ती प्रतिमाने प्रचंड मजकुरातून एका शब्दखंडापुढे दुसरा कोणता खंड येण्याचा संभव किती, याचे गणित आत्मसात करतात. लेखन म्हणजे त्यांच्या लेखी एकेका खंडाची अशी क्रमशः निवड. त्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा अत्यल्प आहे. परिणामी यंत्राची मराठी पुष्कळदा व्याकरणशुद्ध असूनही बेतलेली वाटते. तिचे शब्द मराठी असतात, पण वाक्याचे वळण इंग्रजीचे असते.

'शिर्डी हे केवळ तीर्थक्षेत्र नसून ते श्रद्धा आणि सबुरी यांचे प्रतीक आहे' या धर्तीचे वाक्य नमुन्यादाखल कल्पून पाहावे. हे वाक्य चुकीचे नाही. ते कोणीही, कोठेही बसून, शिर्डी न पाहता लिहू शकतो, हा त्याचा दोष आहे. त्यानंतर बहुधा एखाद्या गोष्टीने 'महत्त्वाची भूमिका बजावलेली' असते. फायदे आणि तोटे समसमान संख्येने येतात. प्रत्येक परिच्छेद जवळजवळ सारख्या लांबीचा असतो. आणि शेवटी परंपरा व आधुनिकता यांचा समतोल साधण्याचे आवाहन केलेले असते. या निबंधात मत नसते, कारण मताला चूक ठरण्याचा धोका पत्करावा लागतो. त्यात उदाहरण असले तर ते सर्वांस ठाऊक असलेले असते. संभाव्यतेच्या गणितात जे सर्वाधिक संभवनीय तेच वर येते, आणि लेखनात जे सर्वाधिक संभवनीय ते बहुधा सर्वात कमी वाचनीय असते.

याच विषयावर राहाता तालुक्यातील विद्यार्थ्याजवळ सांगण्यासारखे काय असते? गोदावरीच्या कालव्याचे आवर्तन लांबले तर पेरूच्या बागेचा बहार कसा बिघडतो, हे त्याने घरी ऐकलेले असते. काकड आरतीच्या वेळी रस्त्यावर कोणत्या प्रांतांच्या भाषा कानी पडतात, हार-प्रसादाच्या दुकानातला मुलगा तेलुगु किंवा हिंदी किती दिवसांत व कशी शिकतो, रात्री हॉटेलात कामास जाणारा त्याचा वर्गमित्र सकाळच्या तासाला का पेंगतो, हे त्याने पाहिलेले असते. यांतील एकही गोष्ट यंत्रास ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि यांतील कोणतीही एक गोष्ट निबंधाचा विषय होऊ शकते. विद्यार्थी यंत्राकडे वळतो तेव्हा तो काही श्रम वाचवितो, हे खरे. पण जे केवळ त्याच्याचजवळ होते तेही तो टाकून देतो, ही हानी अधिक मोठी आहे.

'सच्चरिता'चा प्रारंभ या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. दाभोळकर १९१० मध्ये प्रथम शिर्डीस आले. पुढे एके सकाळी मशिदीत त्यांना बाबा जात्यावर गहू दळीत बसलेले दिसले. गावातील चार स्त्रिया पुढे झाल्या, त्यांनी खुंटा आपल्या हाती घेतला, दळण संपविले, आणि ज्याला घरदार नाही त्याला पिठाचा काय उपयोग, अशा समजुतीने पिठाचे वाटे करून ते घरी नेण्यास निघाल्या. तेव्हा बाबा रागावले, आणि ते पीठ गावाच्या शिवेवर टाकावयास त्यांनी सांगितले. या विलक्षण कृतीचा अर्थ दाभोळकरांस कळेना. त्यांनी गावकऱ्यांना विचारले, तेव्हा ही पटकीच्या साथीवरील योजना असल्याचे समजले. याच अनुभवातून चरित्रलेखनाची प्रेरणा झाली, असे ते सांगतात. एका सेवानिवृत्त मॅजिस्ट्रेटने नऊ हजारांहून अधिक ओव्या लिहिल्या, त्यांच्या मुळाशी डोळ्यांनी पाहिलेले एक न सुटणारे कोडे होते. यंत्राला कोडे पडत नाही. त्याच्यापाशी विचारण्यापूर्वीच उत्तर तयार असते.

४

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दुबळा नाही. दाभोळकरांनी स्वतःस ग्रंथाचे कर्ते मानलेच नाही. चरित्र लिहिण्यास अनुमती मागितली असता, दाभोळकर हे केवळ निमित्त असून आपली कथा आपणच लिहू, अशा आशयाचे उत्तर बाबांनी दिले, असे ग्रंथ सांगतो. मग आपण केवळ हात आहोत, लिहिणारा दुसराच आहे, असे म्हणणारा लेखक ज्या परंपरेत पूज्य ठरतो, त्या परंपरेत यंत्राचा हात झालेल्या विद्यार्थ्यास दोष कसा द्यावा?

आक्षेपाला पुष्टी देणारी आणखी उदाहरणे याच जिल्ह्यात आहेत. नेवासे येथे शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. त्या काळी 'लेखक' आणि 'कर्ता' हे दोन वेगळे पुरुष असू शकत होते, आणि त्यात कोणास काही गैर वाटत नव्हते.

परंतु या उदाहरणांतूनच आक्षेपाचे उत्तर मिळते. सच्चिदानंदबाबा लेखक म्हणून ओळखले जातात, कर्ते म्हणून नव्हे. कर्ता आणि लेखक यांची नावे आपापल्या जागी आहेत. उलट, तीनशे वर्षांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत इतरांच्या ओव्या निनावीपणे मिसळल्या आहेत, असे दिसून येताच शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांना पाठशुद्धीचा उद्योग करावा लागला, आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, असे त्यांनी निक्षून बजावले. भिन्न हातांचे लेखन एकत्र येणे हा दोष मानला गेलेला नाही. कोणाचा हात कोणता, हे पुसले जाणे हा दोष होय.

दाभोळकरांच्या बाबतीतही हाच भेद लागू पडतो. निमित्तमात्र असल्याची भाषा त्यांनी केली, तथापि त्याच प्रसंगात त्यांना दप्तर ठेवण्यासही सांगितले गेले होते. ते दप्तर त्यांनी ठेवले. कोणता अनुभव कोणत्या भक्ताचा, तो कोठला, कोणत्या प्रसंगीचा, याची नोंद ग्रंथभर आढळते. येथे कर्ता असून कर्तृत्व नाकारले आहे. यंत्रलिखित निबंधात कर्ता नसून कर्तृत्व मिरविलेले असते. पहिली वृत्ती विनयाची आहे, आणि तिच्यामागे वर्षानुवर्षांचे कष्ट आहेत. दुसरीस विनयाचे रूप देता येत नाही, कारण तिच्या मुखपृष्ठावर विद्यार्थ्याचे नाव, हजेरी क्रमांक व सही असते.

५

उसनवारीसंबंधीचा अत्यंत मार्मिक प्रसंग 'सच्चरिता'च्या ४१ व्या अध्यायात येतो. डहाणूचे मामलेदार बाळकृष्ण विश्वनाथ देव यांना ज्ञानेश्वरी वाचण्याची उत्कंठा होती, परंतु वाचन पुढे सरकत नव्हते. ते शिर्डीस आले असता त्यांनी बाळकराम मानकर नावाच्या दुसऱ्या भक्तास, त्याला बाबांची कृपा कशी लाभली, त्याचा अनुभव काय, असे विचारले. थोड्याच वेळाने बाबांनी देवांना बोलावून, तू माझी चिंधी चोरलीस, असा आरोप केला. देव गोंधळले. आपण कसलीही चिंधी घेतली नाही, हे त्यांनी परोपरीने सांगितले. आरोप मागे घेतला गेला नाही. पुढे उलगडा झाला तो असा की, भरजरी शेला देण्यास आपण सिद्ध असताना दुसऱ्याकडून चिंध्या कशाला चोरतोस, असा बाबांचा अभिप्राय होता. त्यानंतर पोथी रोज थोडीथोडी स्वतः वाचण्याची आज्ञा देवांना झाली.

वाङ्मयचौर्याविषयीची प्रचलित कल्पना या प्रसंगाशी ताडून पाहावी. आजच्या नियमांत चोरीचा अपराध मूळ मालकाविरुद्ध घडतो. ज्याचे लेखन उचलले, त्याची हानी झाली असे मानले जाते. देवांच्या प्रसंगी मानकरांचे काहीच गेले नव्हते. त्यांनी आपला अनुभव खुशीने सांगितला असता. तरीही चोरी झाली, असे म्हटले गेले. कारण जी गोष्ट प्रत्यक्ष मिळवावयाची, ती परभारे उचलण्याचा यत्न झाला होता. हानी झाली ती घेणाऱ्याची. यंत्रलिखित निबंधाची चिकित्सा करताना हाच दृष्टिकोन उपयोगी पडतो. यंत्राचे लेखन उचलल्याने यंत्र नागवले जात नाही, आणि म्हणूनच पुष्कळ विद्यार्थ्यांना यात चोरी कोठे आहे हे प्रामाणिकपणेच कळत नाही. त्यांना हे दाखवून दिले पाहिजे की, येथे हरवलेली वस्तू त्यांच्याच घरची आहे.

२० व्या अध्यायातील दासगणूंची कथा याच विचाराची दुसरी बाजू दाखविते. याच जिल्ह्यातील अकोळनेर येथे जन्मलेले दासगणू महाराज ईशावास्योपनिषदावर मराठी टीका लिहीत असता एका ठिकाणी अडले. त्यांनी बाबांस विचारले. बाबांनी अर्थ सांगितला नाही. विलेपार्ल्यास काका दीक्षितांच्या घरी जा, तेथील मोलकरीण तुझी शंका फेडील, असे सांगितले. तेथे फाटक्या वस्त्रातील एक पोर नारिंगी साडीचे गाणे गाताना त्यांना दिसली. तिला नवी साडी मिळाली. एक दिवस ती नेसून तिने मिरविली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जुन्या चिंध्यांत तशीच आनंदाने गात आली. त्यागपूर्वक भोग या उपनिषदातील वचनाचा अर्थ दासगणूंना तेथे उमगला.

ज्याच्यापाशी उत्तर होते त्याने ते दिले नाही, जेथे ते सापडेल ती जागा तेवढी दाखविली, ही गोष्ट अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. यंत्राचा सर्वात मोठा दोष ते चुकीचे उत्तर देते हा नाही. ते कधीही अडवून धरीत नाही, हा आहे. अर्थात हेही नमूद केले पाहिजे की, यंत्राकडे कसे जावे हे कळणारा विद्यार्थी त्याच्याकडून उत्तराऐवजी पत्ता मागू शकतो. कोणत्या बाजू राहिल्या, युक्तिवाद कोठे लंगडा आहे, आणखी कोठे शोधावे, असे त्याला विचारता येते. तसा उपयोग करणाराने चिंधी चोरली, असे म्हणता येणार नाही.

६

यंत्राच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे, आणि ते टाळल्यास विवेचन एकांगी होईल. उसना निबंध ही २०२२ नंतरची निर्मिती नव्हे. आदर्श निबंधांची पुस्तके, परीक्षेपूर्वी हातोहात खपणारी मार्गदर्शके, मागील वर्षाच्या विद्यार्थ्याची वही, यांवर मराठी विद्यार्थ्यांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. न पाहिलेल्या अपघाताचे प्रत्यक्षदर्शी वर्णन आणि फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त पाठ करून लिहिणाऱ्यांस उत्तम गुण देणारी शिक्षणपद्धती यंत्राने बिघडविली, असे म्हणणे धाडसाचे होय. तिने विद्यार्थ्यास संभाव्य वाक्ये लिहावयास शिकविले. यंत्र तीच वाक्ये अधिक वेगाने लिहिते, एवढेच.

शिवाय शहरातील सुस्थितीतल्या विद्यार्थ्यास वडीलधाऱ्यांची, शिकवणीची, ग्रंथसंग्रहाची मदत पूर्वीपासून होती. ज्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तोच पहिला, जो दिवसा वर्गात व रात्री दुकानात असतो, त्याला इंग्रजी संदर्भग्रंथातील उतारा समजावून सांगणारे कोणी तरी प्रथमच हाताशी आले आहे. कमवा आणि शिका ही शिकवण देणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांची परंपरा ज्या प्रदेशात रुजली, तेथे हे साहाय्य सरसकट त्याज्य ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु याच कारणाने सावधगिरीही अधिक हवी. ज्याला लेखनाचा सराव घरी मिळत नाही, त्याच्यासाठी निबंधाची वही हेच सरावाचे एकमेव ठिकाण असते. तेथेही यंत्र लिहू लागले, तर ज्याचे सर्वाधिक हित व्हावयाचे त्याचेच सर्वाधिक अहित होईल. सुस्थितीतला विद्यार्थी अन्यत्र लिहावयास शिकेल. याला दुसरी जागा नाही.

७

आता नियमांकडे वळावयाचे. शिर्डीचा परिसर ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो, त्या १९४९ मध्ये स्थापन झालेल्या व २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठासह देशातील सर्व विद्यापीठांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक विनियम लागू आहेत. त्यांत साम्याचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांवर असे चढते स्तर व चढती शिक्षा आहे. सामान्य ज्ञानातील किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य गणनेतून वगळले आहे.

या योजनेच्या दोन मर्यादा प्रस्तुत विषयात स्पष्ट होतात. पहिली अशी की ती साम्य मोजते, आणि यंत्राचे लेखन कोणत्याही एका लेखनाशी तितके सम नसते. हजारो वस्त्रांचे धागे उसवून विणलेल्या कापडात मूळ वस्त्र शोधावे कसे? दुसरी मर्यादा अधिक विचारार्ह आहे. प्रबंध, प्रबंधिका, शोधनिबंध इत्यादी लेखन या विनियमांच्या कक्षेत येते. वर्गातील स्वाध्याय, निबंध व उत्तरपत्रिका मात्र त्यांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे ज्या वयात व ज्या प्रकारच्या लेखनात ही सवय जडते, तेथे नियम मौन धरतो, आणि सवय पक्की झाल्यावर तो शिक्षेसह उभा राहतो.

मग यंत्राने यंत्र पकडावे, ही आशा उरते. ती बाळगणारांनी पुढील वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी. खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये यंत्रलेखन ओळखणारे साधन प्रसृत केले; यंत्राने लिहिलेल्या मजकुरांपैकी केवळ २६ टक्केच त्याने तसे ओळखले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत ते मागे घेण्यात आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की, अशी साधने इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांच्या स्वलिखित निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्रलिखित ठरवितात. ज्याची शब्दसंपत्ती मर्यादित, ज्याची वाक्ये साधी, तो संशयित ठरतो. ग्रामीण महाराष्ट्रातून आलेल्या आणि जपून, सोपे इंग्रजी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास याहून क्रूर न्याय कोणता असेल? २०२४ मध्ये हरियाणातील एका खाजगी विद्यापीठाने विधी शाखेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास, त्याच्या उत्तरातील ८८ टक्के भाग यंत्रनिर्मित असल्याच्या कारणावरून अनुत्तीर्ण ठरविले. प्रकरण पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेले. तेथे विद्यापीठाने त्यास उत्तीर्ण केल्याचे निवेदन झाल्यावर अर्ज निकालात निघाला. टक्केवारीच्या आधाराने केलेला आरोप किती ठिसूळ असतो, याची कल्पना यावरून यावी.

८

नियम अपुरा व यंत्र अविश्वसनीय, तर मार्ग कोणता? 'सच्चरिता'च्या ३९ व्या अध्यायात त्याचे सूचन आढळते. नानासाहेब चांदोरकर बाबांचे पाय चेपता चेपता पुटपुटत होते. काय पुटपुटतोस, असे विचारता गीतेचा श्लोक, असे उत्तर आले. तो चौथ्या अध्यायातील ३४ वा श्लोक होता. बाबांनी तो मोठ्याने म्हणावयास लावला. मग त्याचा अर्थ विचारला. मग पदापदाचा अर्थ विचारला. आणि येथे हाच शब्द का, या शब्दाने आणखी काय सुचते, असे विचारीत गेले. नानासाहेब संस्कृतज्ञ होते, श्लोक त्यांना मुखोद्गत होता. तरी या प्रश्नांपुढे आपले ज्ञान किती उथळ आहे, हे त्यांना कळून आले. गंमत अशी की, त्या श्लोकातच ज्ञानप्राप्तीचे एक साधन म्हणून 'परिप्रश्न' सांगितलेला आहे.

निबंधाच्या मूल्यमापनात परिप्रश्नाचे स्थान नव्याने प्रस्थापित करणे, हाच यंत्रलिखित निबंधाला योग्य असा विद्याशाखीय प्रतिसाद होय. विद्यार्थ्यास त्याच्याच निबंधातील एक वाक्य पुढे ठेवून, हाच शब्द का, हे उदाहरण कोठून घेतले, याच्या उलट कोणी म्हणाले तर काय उत्तर द्याल, असे दहा मिनिटे विचारले, तर कोणत्याही साम्यमापकाने न कळणारी गोष्ट कळते. यंत्राचे साहाय्य घेऊनही ज्याने विषय पचविला, तो येथे उत्तीर्ण होईल, आणि ते योग्यच आहे. न घेता ज्याने पाठ केले, तो अडेल, आणि तेही योग्यच आहे. याच्या जोडीला दप्तराची अट असावी : टिपणे, पहिला खर्डा, खोडलेली वाक्ये, आणि यंत्रास काही विचारले असल्यास त्याचीही नोंद. तिसरी गोष्ट अध्यापकांकडे येते. विषय असा दिला जावा की, त्यासाठी विद्यार्थ्यास आपल्या गावाच्या शिवेपर्यंत जावे लागेल. दरवर्षी तोच विषय देणाऱ्या अध्यापकाने यंत्राविरुद्ध तक्रार करणे शोभत नाही.

यावर, शंभर-दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकास परिप्रश्न करावयास वेळ कोठून आणावा, असा प्रश्न येईल. तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर केवळ अध्यापकाच्या सदिच्छेत नाही. रिक्त पदे न भरता व तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या खांद्यावर वर्ग टाकून परिप्रश्न शक्य होणार नाही. वाचणारालाच वेळ नसेल, तर लिहिणाराने वेळ का द्यावा? न वाचला जाणारा निबंध न लिहिता सादर होणे, ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. विद्यापीठांनी हे मान्य केल्याखेरीज यंत्रावरील सर्व रोष निष्फळ ठरेल.

शेवटी एका वस्तुस्थितीचा निर्देश करणे उचित होईल. १९२९ मध्ये दाभोळकर निवर्तले, तेव्हा 'सच्चरिता'चे ५२ अध्याय सिद्ध होते. संकल्पित अवतरणिका मात्र त्यांच्या कागदपत्रांत सापडली नाही. ती नंतर दुसऱ्या एका भक्ताने रचून ५३ वा अध्याय म्हणून जोडली. ती दाभोळकरांच्या नावावर सहज खपली असती. ओवी तीच, विषय तोच, आणि वाचकही श्रद्धाळू. परंतु रचणाराने 'बाबांचे बाळ' या आपल्या लेखननामाने ती वेगळी ठेवली, आणि म्हणूनच कोणता अध्याय कोणाचा, हे आजच्या वाचकास कळते. तो रचणारा म्हणजेच बाळकृष्ण विश्वनाथ देव, ज्यांच्यावर एके काळी चिंधी चोरल्याचा आरोप आला होता.